सोयरातले दहा दिवस

मध्यभारताचं राज्य होतं तेव्हा सरकारी कचेऱ्या हिवाळ्यात ग्वाल्हेरला जात आणि उन्हाळ्यात इंदूरला परत येत. माझे वडील कचेरीत कारकून. म्हणजे दरवर्षी थंडीचे सहा महिने घरात मी आणि आई, दोघीच. मी दहा वर्षांची असताना अशाच एका थंडीत माझा भाऊ जन्मला.

आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मागच्या अंगणात घरमालकांची विहीर होती. स्वच्छ, वर लाकडी झाकण, रहाटाला तेल घातलेलं. मालकीणकाकूंचं पाणी भरून झालं की आमची पाळी. कधी त्यांनी नाही म्हटलं नाही. पण विचारल्याशिवाय आम्ही झाकणही उचललं नाही.

भाऊ झाला त्या दिवशी काकू दारातूनच म्हणाल्या, "दहा दिवस सोयर आहे हो. विहिरीला हात लावू नका. पिण्याचं पाणी मी वरून ओतून देत जाईन. वापरायचं तेवढं बाहेरून आणा."

बाहेरून म्हणजे गल्लीच्या तोंडाच्या सरकारी विहिरीवरून. मी बादली-दोर घेऊन गेले. तिथे कुणाला विचारायचं नव्हतं, पण जागा मिळवायला कोपरानं ढकलावं लागत होतं. चार बाजूंना चार रहाट, भांडणं, हसणं, घागरींचा आवाज. मी कशीबशी बादली सोडली. ती भरली, जड झाली, आणि दोर हातातून सुटून बादलीसकट आत गेला. मला रडूच फुटलं.

शेजारच्या रहाटावर एक धिप्पाड बाई होती. दूध विकायची, एवढंच मला माहीत होतं.

"छोरी, एकली कायको आई? थारी माँ कां हे?"

मी हुंदके देत सांगितलं: भाऊ झाला, सोयर आहे, घरच्या विहिरीला शिवायचं नाही.

ती मोठ्यानं हसली. "सरकारी कुए को सूतक नी लगे!"

तिनं गळ टाकून बादली वर काढली, भरली, आणि स्वतः डोक्यावर घेऊन आमच्या दारापर्यंत आली. पुढचे नऊ दिवस ती रोज आली. मी फक्त पुढे चालायची.

त्या विहिरीला सूतक नव्हतं, तरी रोज एक झाडूवाली खालच्या पायरीशी रिकामी घागर घेऊन उभी असायची. तिला वर येता येत नव्हतं. तिच्या घागरीतही हीच बाई पाणी ओतायची, पण वरूनच, न शिवता. का, ते मला तेव्हा कळलं नाही, मी विचारलंही नाही.

दहावा दिवस उलटल्यावर आईनं तिला खण द्यायला काढला. तिनं हात मागे घेतला. "पाणी को कई मोल, बई? देणोज हे तो जलवा पूजजे."

जलवा म्हणजे बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की विहिरीची पूजा करते, ती माळव्याची रीत. आमच्यात नव्हती. तरी आईनं होकारार्थी मान हलवली.

सव्वा महिन्यानं आई हळदकुंकवाचं ताट घेऊन निघाली. काकू अंगणातच होत्या. "अगं, लांब कशाला जातेस? घरची विहीर आहे की."

"हिचीही करते, काकू," आई म्हणाली. "दहा दिवस पिण्याचं पाणी तुम्ही दिलंत, ते विसरेन कशी? पण आधी तिची करते."

काकू मग आत जाऊन पायात चपला घालून आल्या आणि भावाला माझ्या हातातून घेऊन आमच्याबरोबर चालू लागल्या.

सरकारी विहिरीच्या काठावर आईनं कुंकवाची पाच बोटं ओढली. दूधवाली आणि पाणी भरायला आलेल्या बायका माळवी गाणी म्हणू लागल्या. आईला ती येत नव्हती, तरी ती ओठ हलवत होती. मग तिनं स्वतः एक कळशी शेंदली आणि कमरेवर घेतली. दूधवाली घरापर्यंत तिच्या शेजारून चालली, एक हात कळशीखाली धरून.