आठ दिवस पुढं असलेलं काम

देवानं काळजी वाटायला काढली तेव्हा माझे साडू रांगेत पहिले उभे असणार. आणि आपला वाटा घेऊन झाल्यावर मागच्यांना पुरेल का, या काळजीनं पुन्हा शेपटाला जाऊन उभे राहिले असणार.

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या, लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीत आम्ही दोघंही नोकरीला होतो. मी स्टोअरला, ते प्रोजेक्टला. नवी शेड, नवं मशीन, जे काही उभारायचं ते वेळेत आणि ठरल्या पैशात उभारणं हे त्यांचं काम. ते काम चोख करत, पण सुरू करण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावरही त्यांचा प्रश्न एकच, "ह्यातनं धंद्याला काय मिळणार?" कारखान्यात हे ठीक होतं. पण आमच्या धाकट्या मेहुणीच्या लग्नातही त्यांनी भिंतीवर कामांचा तक्ता लावला आणि शेवटचा रकाना आखला तो 'उपयोग' असा. घोड्यापुढं तो रकाना मोकळा राहिला, म्हणून घोडा रद्द. नवरदेव राजारामपुरीतनं कार्यालयापर्यंत रिक्षातनं आला. सासूबाई पुढची दोन वर्षं त्यांच्याशी मोजकंच बोलल्या. घराच्या वरच्या मजल्याचा बेतही असाच कागदावर राहिलेला. "पोरगं पुण्याला गेलं तर वर कोण ऱ्हाणार? न्हाय गेलं तर सून वर ऱ्हाईल का?" पोरगं तेव्हा चौथीत होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी मोठी भट्टी बसवायचं ठरवलं. पुण्याच्या एका ट्रॅक्टर कंपनीला अवजड कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, लागणार होती. बँकेनं कर्ज मंजूर केलं, भूमिपूजन झालं, पाया भरला. साडू मात्र वाळत चालले. कामानिमित्त ते पुण्याला गेले असता त्यांनी तिथल्या डिझाइनच्या साहेबाला सहज विचारलं होतं, "पुढच्या मॉडेलला ह्या भागाचं वजन एवढंच ऱ्हाणार न्हवं?" साहेब म्हणाला, "बघू, अजून पक्कं नाही," आणि त्यानं विषय बदलला. तेवढ्यावर यांची भूक मेली. आठवडाभर डबा तसाच घरी जायचा.

सोमवारच्या मीटिंगला ते उभे राहिले. "अण्णा, काम आठ दिवस पुढं हाय."

"शाब्बास!"

"म्हणूनच म्हणतोय, थांबवूया."

अण्णांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला काम उभं करायला ठेवलंय का मोडायला?"

"मॉडेल हलकं झालं आन् ऑर्डर न्हाय टिकली तर भट्टी वेळेत बसून काय करायचं? हप्ता तर वेळेतच येणार की! आत्ता थांबलो तर फकस्त पाया गेला. तोही जाणार न्हाय. आपण कच्चं कास्टिंग विकतो, घासूनपुसून देणारा दुसराच कमावतो. त्याच पायावर मशीन शॉप उभारूया."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"तर मला काढा."

मी मान खाली घालून स्टोअरच्या रजिस्टरात नसलेलं काहीतरी शोधत बसलो.

अण्णांनी काम थांबवलं नाही, पण 'चालू ठेवा' असंही म्हणाले नाहीत. पुढचे चार दिवस साडू पायाच्या कडेला उभे असत. खिशात राजीनामा लिहून ठेवलेला. त्यातही 'तात्काळ' लिहू का 'महिन्यानं', ही काळजी. पाचव्या दिवशी अण्णा स्वतः पुण्याला जाऊन आले. गाडीतनं उतरले, ऑफिसच्या काचेमागं बसलेल्या साडूंकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मशीनचे भाव काढा." पुण्यात काय झालं ते ना त्यांनी सांगितलं, ना कुणी विचारायचं धाडस केलं.

ती ऑर्डर आमच्या शेजारच्या फौंड्रीनं धरली, कर्ज काढून मोठी भट्टीही बसवली. नवं मॉडेल हलकं निघालं, अवजड कास्टिंगची गरजच उरली नाही. दोन वर्षांत शेजारी कुलूप लागलं आणि तिथली माणसं आमच्या फाटकाशी काम मागायला उभी राहू लागली. साडूंचं बरोबर ठरलं होतं, पण ते मागच्या दारानं ये-जा करायला लागले. "पावणं, ह्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाय," म्हणाले. मग आठ दिवस अण्णांच्या मागं लागून त्यांनी त्यातले सहा जण मशीन शॉपला घेतले. बाकीच्यांची नावं त्यांना कितीतरी वर्षं पाठ होती.

मागच्या दिवाळीत मी त्यांच्याकडं गेलो होतो. आता ते थकलेत, बोलता बोलता गावं, माणसं एकमेकांत मिसळतात. मी त्या सोमवारचा विषय काढला. ते बराच वेळ हसले, मग माझा हात धरून म्हणाले, "लई भ्या वाटत हुतं बघा. पण तुम्ही शेजारी उभं राहिलात, 'अण्णा, ह्यांचं ऐका' म्हणालात, म्हणून मला जोर आला."

त्यांच्या बायको, माझ्या थोरल्या मेहुणी, चहा घेऊन आल्या. "व्हय, हे नेहमी सांगत्यात तुमचं," म्हणाल्या.

मी कप हातात घेतला आणि मान खाली घालून चहावरची साय बाजूला सारत बसलो.