राजानं पोळी खाल्ली

...तर राजा ताटापुढं बसला होता, तिथवर आलो होतो आपण काल. राजा म्हणजे जळकोटाकडच्या वाडीचा शेषेराव. अंगानं आडदांड, पण पाल दिसली की आधी बाजेवर चढणारा. भित्र्या राजाचं काम त्याला शिकवावंच लागलं नाही.

नाटक पणज्यांच्या काळातलं. ज्योतिषी राजाला सांगतो, घरचंच माणूस तुला विष घालील. झालं! पहिल्या अंकात आचारी गेला, दुसऱ्यात राणीला हाकललं, तिसऱ्यात पोराला कोंडलं. शेवटी भरल्या ताटापुढं, घासाला हात न लावता, राजा उपाशी मरतो. रीत अशी की ताट खरं असावं, राजा होणाऱ्याच्याच घरचं असावं आणि खेळानंतर जसंच्या तसं मारुतीला सोडलेल्या देवणी जातीच्या वळूला घालावं. ताट उष्टं झालं तर पाऊस रुसतो, असं गाव मानायचं.

त्या साली पाऊस आधीच रुसलेला. विहिरीत घागर बुडत नव्हती. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, तिथले साहेब टँकरचं बघायला येणार होते. वाटेत अंधार नको म्हणून त्यांनी निरोप धाडला, खेळ दुपारीच ठेवा.

शेषेरावची बायको सिंधू. मडक्याच्या तळाचा गूळ खरवडून तिनं पुरण शिजवलं. ताट नवऱ्याच्या हाती देताना म्हणाली, “मरायचं तर खुशाल मरा. पन माझ्या पोळीत इख हाय म्हनून मरू नका.”

“अगं, नाटक हाय ते.”

“गेल्या साली नीलम्माचा नवरा राजा झाला, ताटापुढं मरून पडला. आजून बाया तिला पानवठ्यावर इचारतात, आज कुनाला जेवू घालून राहिलीस? मला न्हाई चालायचं. त्या साहेबापुढं तर न्हाईच.”

नीलम्माच्या नवऱ्यानं कानाला खडा लावला, म्हणूनच तर यंदा शेषेरावच्या डोक्यावर मुकुट आला होता.

खेळ बसवणारे म्हातारे साहेबरावमामा वेगळंच बजावून गेले. “शेष्या, घास तोंडात गेला तर आभाळाला तूच जाब दे.”

आता हा ताटापुढं. ताट बघून हातभर मागंच सरकला. लोक म्हणाले, काय सोंग वठवलंय! राजानं आभाळाकडं पाहिलं, तिथं ढगाचं नाव नव्हतं. मग समोर पाहिलं. सिंधू पदर खोचून बसली होती.

राजानं पोळी मोडली आणि खाल्ली.

पडद्याआडून मामा दात खाऊन म्हणाले, “आता तरी मर, मेल्या!” पण आता मरायचं कसं? खाऊन मेला तर इख खरंच ठरलं असतं. राजानं दुसरी पोळी घेतली, तिसरी घेतली, बोटं चाटली आणि दणदणीत ढेकर दिला. सिंधूनं खोचलेला पदर सोडला. साहेबांची हसून पुरेवाट झाली. म्हणाले, “राजाच असा तुटून पडतोय म्हणजे दुष्काळ खराच आहे.” टँकर कबूल करूनच ते जीपमध्ये बसले.

मामा मात्र धुमसत आले. “राजानं भ्यायचं असतंय, लेका. तू तर भ्यालाच न्हाईस.”

शेषेरावनं मुकुट काढून त्यांच्या हाती दिला. म्हणाला, “भ्यालो की, मामा. पन त्या राजानं रानीला दुसऱ्याच अंकात हाकललं हुतं. मला सांजच्याला माझ्या रानीच्याच घरी जायचं हाय.”