साहित्य आणि कृती

त्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला सभासद पाठीमागे 'चाळणी' म्हणत. परत आलेलं प्रत्येक पुस्तक तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळून बघे, आणि पुस्तक चाळता चाळता ते आणणाऱ्यालाही चाळून घेई. कुठे चहाचा डाग सापडला की चष्म्यावरून बघत विचारी, "हा लेखकाने पाडलाय का?" पान दुमडलेलं दिसलं की म्हणे, "पुस्तकाने तुमचं काय घोडं मारलं होतं, म्हणून त्याचा कान पिळलात?" माणूस बिचारा पुस्तक परत करायला आलेला, जाताना असा जाई, की आता तीन-चार आठवडे वाचनाचं नाव काढणार नाही.

सभासदांची प्रतवारीही त्याने लावून ठेवली होती. कवितांचं पुस्तक नेणाऱ्याला "बसा ना" म्हणायचं, प्रवासवर्णन नेणाऱ्याला नुसतं "या" म्हणायचं. आणि भिंतीकडच्या त्या कपाटाकडे जो वळेल त्याला काहीच म्हणायचं नाही, फक्त ऐकू जाईल असा सुस्कारा सोडायचा.

त्या कपाटाला त्याने नाव ठेवलं होतं, 'केकखून'. सगळ्या पुस्तकांची गोष्ट एकच. एक छोटंसं गाव, गावात एक बेकरी, बेकरीत एक हसतमुख बाई आणि दुसरं प्रकरण संपायच्या आत एक प्रेत. पोलीस म्हणजे शुद्ध ठोंबे, त्यांना काही सापडत नाही. बाई मात्र कणीक मळता मळता खुनी हुडकून काढते. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत जमवते, प्रत्येकाच्या हातात केकची बशी देते आणि एकावर बोट रोखते. मग गोष्ट संपते आणि त्याच केकची पाककृती सुरू होते. डाव्या पानावर साहित्य, उजव्या पानावर कृती.

"अहो, माणूस मरून पडलाय आणि ही बया लोणी फेटतेय!" तो म्हणे. "एवढ्याशा गावात इतके खून झाले तर गाव ओस पडेल. इथे बेकरीचं गिऱ्हाईक वाढतंय!" आणि मग त्याचा ठेवणीतला विनोद यायचा. "यांच्यात साहित्य शोधायचं असेल तर शेवटून दुसरं पान काढा. मैदा, साखर, लोणी. बाकी कुठे साहित्य सापडलं तर मला कळवा." यावर आधी तो स्वतः हसे आणि मग समोरच्याला हसावं लागे.

पण दुखणं वेगळंच होतं. त्याचे आवडते जाडजूड ग्रंथ वर्षानुवर्षं जागचे हलत नसत, आणि हे कपाट मात्र कधी भरलेलं दिसत नसे. पुस्तक आलं की लगेच गेलं. ते बघून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातही कळस म्हणजे या कपाटाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक त्याची सख्खी थोरली बहीण होती.

ताईने त्याला वाढवलं होतं. आईवडील लवकर गेले तेव्हा ती टेलिफोनच्या ऑफिसात लागली, आणि डोक्याला हेडफोन लावून दिवसभर परक्यांचे आवाज जोडून देत तिने भावाला शिकवलं. त्याला पाटी तिनेच धरायला लावली, अक्षर तिनेच गिरवून घेतलं, आणि बोटाला धरून याच वाचनालयात पहिल्यांदा तिनेच आणलं. लग्नबिग्न राहून गेलं. निवृत्त झाल्यावर तिने मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत एक ओव्हन आणून ठेवला आणि केकखून वाचायला घेतले. ग्रंथपालाच्या मते हा आयुष्याचा अपमान होता. कुणाच्या आयुष्याचा, हे त्याने कधी नीट सांगितलं नाही.

ताईने आपल्यासारखे चारजण जमवले. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही मंडळी बसत, वाचलेल्या पुस्तकावर गप्पा मारत आणि त्यातल्या पाककृतीने केलेला खाऊ खात. दातांच्या एक डॉक्टरीणबाईही त्यात होत्या. "त्यांचं ठीक आहे," ग्रंथपाल म्हणे, "आधी किडवायचे, मग भरायचे." या जमावाला त्याने नाव दिलं 'खुनी मंडळ'. दर रविवारी ताई त्याच्या टेबलावर एक बशी पाठवी, आणि दर रविवारी ती तशीच झाकलेली परत जाई. "मला गोड चालत नाही," असं तो सांगे. रोज चहाबरोबर दोन बिस्किटं बुडवून खाताना मात्र ती त्याला बिनबोभाट चालत.

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती शिक्क्यांनी भरली की काढून नवी लावावी लागते. हे काम करावं तर या माणसाने. ओलं फडकं चिठ्ठीवर ठेवायचं, डिंक सुटेपर्यंत थांबायचं, बोथट सुरी खाली सरकवायची आणि पानाला ओरखडाही न येऊ देता चिठ्ठी उचलायची. एखाद्याने लेकराच्या जखमेवरची पट्टी काढावी इतकं जपून. अर्थात हे लाड खऱ्या ग्रंथांचे. केकखुनांना कोण एवढं कुरवाळत बसणार? ती पुस्तकं तो दोन बोटांच्या चिमटीत धरी, चाळायचं नावही काढत नसे, शिक्का हाणी आणि बाजूला टाकी. चिठ्ठी भरली असली तर फर्रकन निकाल लावी आणि नवी सरळ मागच्या पुठ्ठ्यावर डकवी.

एके दिवशी डॉक्टरीणबाई टेबलाशी आल्या. "अहो, या पुस्तकात साहित्य आहे, पण कृतीच नाही! लोणी किती घ्यायचं ते कळलं, पुढे त्याचं करायचं काय?"

त्याने पुस्तक उघडून पाहिलं. शेवटचं पान मुळापासून फाडलेलं होतं. मग त्याने आणखी पुस्तकं काढून पाहिली, तर जी जी जास्त खपाची, नेमकी त्यांचीच कृती गायब. साहित्य जागेवर, कृती नाही.

खरं तर त्याला राग यायला हवा होता. पण त्याला झाला आनंद. पानं फाडली जातात म्हटल्यावर ते कपाट समितीला बंद करायला लावता येणार होतं. कित्येक वर्षं डोळ्यांत सलणारं कुसळ एका बैठकीत निघणार होतं. फक्त चोर हवा होता.

आणि चोर शोधायला त्याला फार डोकं खाजवावं लागलं नाही. कृती नाहीशी झाल्यावर मंडळातल्या इतरांनी हात टेकले होते, दुकानातली बिस्किटं आणून वेळ मारून नेत होते. एकटी ताई दर रविवारी केक आणत होती, त्याच पुस्तकांतला. कृती नाही तर केक कसा होतो? म्हणजे पानं कुणाकडे आहेत, हे उघड होतं.

एक दिवस तो घुटमळला, नाही असं नाही. शेवटी पाठची बहीण नव्हे, आईच्या जागी असलेली ताई होती ती. पण मग त्याच्या मनात आलं, की सख्ख्या बहिणीचीही गय न करणारा ग्रंथपाल म्हणून आपलं नाव होईल. आणि असली पुस्तकं वाचणाऱ्या बाईकडून दुसरी अपेक्षा ती काय करायची? त्याने सुंदर वळणदार अक्षरात सूचना लिहून काढली: 'पुस्तकांची पाने फाडल्याबद्दल पुढील व्यक्तीस या वाचनालयातून कायमचे कमी करण्यात येत आहे.' खाली नावापुरती जागा सोडली. ती सूचना बाहेरच्या फळ्यावर लागली की ताईला गल्लीत मान वर करून चालता आलं नसतं, हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने ती लिहिली.

रविवारी त्याने वाचनालयाच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं. हे चष्म्याच्या दुकानाचे मालक, सज्जन गृहस्थ, भांडणाला घाबरणारे. मंडळ जमलेलंच होतं. सगळ्यांना एका खोलीत बसवून, हातात बशा असताना, मधोमध उभं राहून बोट रोखायचं, हे आपण कुठून शिकलो, असा प्रश्न काही या शहाण्याला पडला नाही.

"पण पुस्तक देता-घेताना तुम्ही तपासता ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी प्रत्येक पुस्तक चाळतो," तो बिनदिक्कत म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या हातून फाटकं पुस्तक बाहेर जात नाही." आणि मग त्याने तर्क मांडला, पायरी पायरीने, आवाज चढवत. शेवटी सूचनेचा कागद अध्यक्षांच्या हातात देत म्हणाला, "ज्यांच्याकडे कृती आहे, त्यांनीच पानं फाडली. आणि केक फक्त ताई करते."

ताईने हातातली बशी खाली ठेवली.

"बाळ्या, मला चोर म्हणालास?"

"इथे मी बाळ्या नाही. ग्रंथपाल आहे."

"बरं. ग्रंथपाल, हा केक खा."

"मला गोड—"

"गोड नाहीये तो. खा."

अध्यक्ष बघत होते, त्यामुळे त्याला एक तुकडा तोडावा लागला. तुटेना. दोन्ही हातांनी तोडला आणि तोंडात घातला. वरून चामडं, आतून ओलं पीठ, आणि मधे कुठेतरी सोड्याची गुठळी, तीही नेमकी जिभेवर फुटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गिळावं तर घशाखाली उतरेना, थुंकावं तर अध्यक्ष समोर.

"कसा आहे?" ताईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंना राहवलं नाही. "मागच्या वेळी याच केकने माझा स्वतःचा दात हलला," त्या म्हणाल्या. "ताई, माफ करा हं." मग एकेकाला कंठ फुटला. कुणी खिशात रुमालात बांधून नेत होतं, कुणी घरी जाऊन कुत्र्याला घालत होतं आणि कुत्राही तोंड फिरवत होता.

"मला काय माहीत नव्हतं?" ताई म्हणाली. "मीही तोच खात होते की! साहित्य समोर आहे, कृती नाही, मग अंदाजपंचे करते. रविवार मोडू नये म्हणून करते." मग ती भावाकडे वळली. "इतकी वर्षं बशी पाठवते मी तुला. एक घास खाल्ला असतास, तर कळलं असतं माझ्याकडे कृती नाही म्हणून."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "मग पानं फाडली कुणी?"

ग्रंथपालाला तिथे उभं राहवेना. सुदैवाने, निदान त्या क्षणी त्याला ते सुदैव वाटलं, बाहेर टेबलाशी एक घड्याळ-दुरुस्तीवाले पुस्तक परत द्यायला ताटकळत उभे होते. "आलो, आलो," म्हणत तो निसटला. दार सताड उघडं होतं आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. तोंडात तो बोळा तसाच. पुस्तक केकखुनांपैकीच होतं. मन ठिकाणावर नव्हतं, पण हातांना सवय होती. हातांनी पुस्तक मागून उघडलं, चिठ्ठी भरलेली पाहिली आणि चिठ्ठीसकट पान फर्रकन ओढलं. चुरगाळून टोपलीत टाकलं आणि हात डिंकाच्या बाटलीकडे वळले.

बाटलीचं बूच उघडेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की मागच्या खोलीतला आवाज बंद झालाय.

ताई उठून आली. सावकाश वाकून तिने टोपलीतला कागद काढला आणि टेबलावर ठेवून तळहाताने सारखा केला. वर तारखांची चिठ्ठी होती. तिने पान उलटलं.

"कृती," तिने मोठ्याने वाचलं. "मैदा व सोडा एकत्र करून दोनदा चाळून घ्यावा." ती थांबली. "चाळून घ्यावा! ऐकलंस का, ग्रंथपाल?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. टोपली दर आठवड्याला रद्दीवाला रिकामी करून नेतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने कपाटाकडे पाहिलं. जे जे पुस्तक लोकांनी आवडीने पुन्हा पुन्हा नेलं, त्याची त्याची चिठ्ठी लवकर भरली, आणि त्याचं त्याचं पान त्याने स्वतःच्या हाताने ओढून काढलं. पानाच्या पलीकडे काही असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. असल्या पुस्तकात असणार काय? आयुष्यभर त्याने ज्याला त्याला तुच्छ लेखलं होतं. त्या दिवशी त्याला स्वतःची किळस आली.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "मी मुद्दाम नाही—"

"मला चोर मुद्दामच म्हणालास," ती म्हणाली. "नाव घालायची जागासुद्धा सोडून ठेवली होतीस."

अध्यक्षांच्या हातात ती सूचना होती. ते बिचारे एकदा कागदाकडे बघत, एकदा त्याच्याकडे. "हिचं आता काय करायचं? फाडून टाकू का?"

"नका," ताई म्हणाली. "आज आणखी कागद नको फाटायला." तिने सूचना त्यांच्या हातून घेतली, भावापुढे ठेवली आणि त्याच्या खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"लिही, बाळ्या. अक्षर छान आहे तुझं. मीच गिरवून घेतलंय."

तोंडातला घास त्याने कसाबसा गिळला, आणि रिकाम्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं.