द्वारकाची नराणी

बांगड्या भरता भरता करीमचाचांचा हात थांबला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वाशीमच्या आमच्या आळीत ते दर बाजाराला येतात आणि गप्प बसलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. अनसिंगपासून इथवरच्या साऱ्या घरांची खबरबात बांगड्यांबरोबर त्यांच्या टोपलीतून फिरत असते. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातली बांगडी पुन्हा दोरीत ओवली. "मास्तरीणबाई, आज राहू द्या," ते म्हणाले. "तुमची द्वारका गेली. तापानं गेली बिचारी. कोनाले काई करायची मोहलतच नाई भेटली..." एका हातात नव्या बांगड्या, दुसरा हात मोकळा, अशी मी उंबऱ्यात बसून राहिले. त्याला आता दीड-दोन महिने झाले. आज लिहायला बसले आहे, पण राग काही अजून उतरलेला नाही.

द्वारका आणि मी अनसिंगच्या एकाच गल्लीत वाढलो. माझे वडील शिक्षक, म्हणून मला शाळा मिळाली आणि पुढे वाशीमच्या मुलींच्या शाळेत नोकरी. द्वारकाला लग्न मिळालं, आणि ते नीट कळायच्या आत वैधव्य. ती भावाकडे परत आली. तिची आत्या गावची सुईण होती, तिच्या मागे मागे फिरून द्वारका ते काम शिकली आणि आत्या थकल्यावर गाव तिलाच बोलावू लागलं. माझी थट्टा करण्याची एकही संधी ती सोडत नसे. "पोरी मी आनतो, तू शिकवत जाय," म्हणायची. "तुह्या शाळेचा धंदा माह्याच भरवशावर चालून राह्यला, समजलं काय?" आणि ते खोटंही नव्हतं. माझ्या वर्गात अनसिंगची एखादी मुलगी आली की तिची नाळ द्वारकानेच कापलेली असायची.

मेलेलं जन्मलेलं मूल आपल्याकडे मसणात नेत नाहीत. मडक्यात घालून, वर मीठ टाकून घराच्या परसात पुरतात. द्वारकाने आत्याबरोबर आणि पुढे एकटीने हे कितीदा केलं असेल. एकदा एका घरी तिला गुपचूप बोलावणं आलं. बाळंतीण विधवा होती. मूल मेलेलंच जन्मलं. द्वारकाने नेहमीसारखं मडकं मागितलं, मीठ मागितलं आणि पुरलं. कोणीतरी चहाडी केली, पोलीस आले, परसातली माती उकरली. मुलाच्या अंगावर इजा नव्हती, म्हणून खुनाचं बालंट टळलं. पण जन्म लपवला हा गुन्हा कायद्यात आहे, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

खटल्याच्या दिवशी मी कचेरीच्या दाराशी उभी होते. साहेबांनी विचारलं, मूल तू पुरलंस का? तिच्या जागी दुसरी कोणी असती तर रडली असती, नाहीतर नाही म्हणाली असती. द्वारका पदर सावरून म्हणाली, "हो साहेब, मीच पुरलं. मीठ बी घातलं, कुत्र्यानं उकरू नाई म्हनून." आपण केलेलं काम नीट केलं की नाही, एवढंच साहेब विचारताहेत असं तिला वाटलं होतं. सहा महिन्यांची सजा झाली. शिपाई तिला घेऊन निघाला तेव्हा तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "मीठ घालाले नाई पायजे होतं काय वं?"

तुरुंगातून ती खचून येईल असं मला वाटलं होतं. ती आली ती उजळलेल्या तोंडाने. तिथे एक कैदी बाई बाळंत झाली, मूल पायाळू, आणि द्वारकाने ते सुखरूप सोडवलं. तिथले डॉक्टर बघतच राहिले. म्हणाले, जिल्ह्याच्या गावी बायकांच्या दवाखान्यात सुईणींना शिकवतात, तू जा; आणि एक लक्षात ठेव, या कामात नख वाढलेलं चालत नाही. द्वारकाने ते असं मनावर घेतलं की घरी आल्यावर आधी लोहाराकडून नराणी करून घेतली. नखं काढायचं ते हत्यार एरवी फक्त न्हाव्याच्या धोकटीत असायचं. भाऊ हसला, गल्ली हसली. ती ओसरीवर बसून रोज नखं काढायची.

मी रजा घेऊन तिच्याबरोबर गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात दहा-बारा बाया रांगेत उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, हात दाखवा. सगळ्यांनी हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे. द्वारकाच्या हातांपाशी त्या थांबल्या. "असे हात हवेत," त्या इतर बायांना म्हणाल्या. द्वारकाचा चेहरा मला अजून दिसतो... मग त्यांनी विचारलं, आजवरचं सगळ्यात अवघड बाळंतपण कोणतं केलंस? मी मागून तिचा पदर ओढला, पण ती कुठली थांबायला!

"जेलात केलं बाई. पायाळू होतं."

"जेलमध्ये नोकरी होती?"

"नाई. मले सजा झाली होती ना."

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि सजा कशाबद्दल हे कळल्यावर त्यांचा आवाज खाली आला. सजा झालेल्या बाईला घेता येत नाही, त्यातून असली सजा, असं म्हणाल्या. द्वारका म्हणाली, "मंग झाडायले तरी ठेवा." तेही जमणार नव्हतं. नियम दवाखान्यातल्या प्रत्येक माणसाला होता. मला त्या नियमाचा संताप येतो, आणि चांगल्या असूनही त्या बाईंचाही येतो.

पुढे दवाखान्याने तिला परत पाठवल्याची गोष्ट अनसिंगला पोचली. पाटलाने बजावलं, तुझ्या हातून आता एखादं मूल दगावलं तर पुन्हा आत जाशील. तेव्हापासून द्वारकाने बाळंतिणीला हात लावणं सोडलं. बायका तरीही बोलवायच्या. ती जायची, बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसायची आणि हात मांडीवर ठेवून आतल्यांना सांगायची, असं धर, तसं फिरव. बऱ्याचदा तेवढ्यावर निभावलं. एकदा मूल आडवं आलं. आतल्या म्हातारीला सांगून जमेना. बाळंतिणीची आई बाहेर येऊन द्वारकाच्या पाया पडली. द्वारका उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच परत बसली. ती पोर गेली, मूलही गेलं. ती पोर माझ्या वर्गात शिकलेली होती. मी अनसिंगला गेले तेव्हा द्वारका माझ्याशी एकच वाक्य बोलली. "माहे हात पोचले असते वं."

त्यानंतर ती लोकांच्या शेतात निंदणीला जाऊ लागली. बोलणं तुटक झालं, थट्टा संपली. नखं मात्र रोज काढायची. मी एकदा चिडून म्हटलं, "आता कायले काढतं?" तर म्हणाली, "कोनी बलावलं तर?"

करीमचाचांनी खबर दिल्यावर चार दिवसांनी मी अनसिंगला गेले. तिच्या भावजयीने भिंतीतल्या देवळीतून फडक्यात गुंडाळलेली नराणी काढली आणि माझ्या हातात दिली. "बाईची येवढीच चीज हाये, तुमीच न्या," ती म्हणाली. मग माझ्या शेजारी बसून सांगू लागली. "ताप डोक्यात चढला होता. कोनाले वळखत नोती. पन नखं काढ म्हने. म्या काढले. मंग कायजाने काय झालं, दोनी हात असे म्होरं केले. आंधी पालथे, मंग उताने. तसेच धरून राह्यली. म्या म्हनलं, पानी पायजे काय? बोलेच ना. हात दुखले असतील, पन खाली घेईना... काय मांगत होती, मले समजलंच नाई. तुमाले काई समजते काय?"

मला समजलं होतं. मी तिला ते सांगू शकले नाही.