कोरड्या ताट्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — ते जाईपर्यंत नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढंच कदाचित.

मला कादंबऱ्यांचं वेड होतं. वेड म्हणजे — नळ गेला, घासलेट संपलं, न सांगता पाहुणे येऊन ठेपले, की माझा हात पुस्तकाकडे जायचा. रडत बसण्यापेक्षा बरं, असं मी स्वतःला सांगायची. लग्न ठरताना ह्यांनी कबूल केलं होतं की तुझं बी.ए. पुरं होऊ देऊ. सासरी आल्यावर तो विषय कुणी काढलाच नाही. काढला तो मीच, एकदा, तर ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. फसवलं मला, सरळ फसवलं. तो राग खरा होता. पण — हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारणच द्यायचं असतं तर इतकी वर्षं गप्प का बसले असते?

मग आमच्या रामदासपेठेतल्या घरात माझी धाकटी जाऊ आली, इंदू. पारशिवनीकडची, कामाला वाघ. माझं वेड घरात तिला एकटीला कळलं, आणि तिने ते चक्क पाठीशी घातलं. कोठीच्या खोलीत धान्याच्या कणग्यांमागे बसून मी वाचायची. सासूबाईंनी हाक मारली की ही बाहेरून सांगायची, "ताई गहू निवडून राहिल्या." वर माझ्या वाटणीची भांडीही घासून टाकायची. बदल्यात काय मागायची? काहीच नाही. माझी थोरली बहीणही माझ्यासाठी कधी एवढं खोटं बोलली नव्हती.

आता ती दुपार. सत्तरच्या आसपासचा मे महिना. सासूबाई भर उन्हात एका लग्नाला जाऊन आल्या आणि त्यांना ऊन लागलं. तापाने नुसत्या फणफणल्या. डॉक्टर घरी येऊन बजावून गेले, की खोली गार राहिलीच पाहिजे. कूलर आमच्याकडे तेव्हा कुठला? खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या आणि त्यांच्यावर सारखं पाणी मारत राहायचं. ताटी ओली असली की आत गारवा, वाळ्याचा वास. ती सुकली की त्याच खोलीची भट्टी होते. नागपूरचा उन्हाळा ज्याने काढला त्याला हे सांगायला नको.

इंदू आदल्या रात्रीपासून सासूबाईंच्या उशाशी होती. दुपारी तिचे डोळे मिटायला लागले. "मले झोप येऊन राहिली, ताई. जराशी पडू का? ताट्यांवर पाणी मारजा."

"पड तू, मी आहे," मी म्हटलं. मी आहे — हे शब्द माझेच.

एकदा मारलं पाणी. खरंच मारलं. पण सासूबाई कण्हत होत्या आणि ते कण्हणं मला सोसेना, म्हणून मी कोठीच्या खोलीत गेले. तेही अर्धंच खरं. मला पुढे काय होतं ते वाचायचं होतं. त्या कादंबरीतली सून आजारी सासूची सेवा करत होती आणि मी पदराने डोळे पुसत होते. हसू येतं ना? मला अजून येत नाही.

ह्यांचा आवाज ऐकून मी उठले. ते ऑफिसातून लवकर आले होते. ताट्या ठणठणीत कोरड्या. सासूबाईंची शुद्ध हरपलेली, ओठ फुटलेले. इंदूही झोपेतून धडपडत आली.

"ताट्यांकडे कोण पाहून राहिलं होतं?" ह्यांनी विचारलं.

मी इंदूकडे पाहिलं. नुसतं पाहून थांबले असते तरी — पण नाही, मी बोलले. "इंदूकडे होत्या. झोपली वाटतं."

ती काहीच बोलली नाही. का नाही बोलली? तोंड होतं तिला, चांगलं खणखणीत. ती उलटून बोलली असती तर मी कबूल केलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला पटवत आले. खोटं आहे ते. मी कानांवर हात ठेवले असते. ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे, ओळख पटत नसल्यासारखी. मग बादली उचलून ताट्या भिजवायला गेली.

सासूबाई वाचल्या. पण त्यांच्या मनातून इंदू उतरली ती उतरलीच. "मले मराले टाकून झोपली हे," असं आल्यागेल्याला सांगायच्या, तिच्यादेखत. मी तिथेच पाहुण्यांना चहा देत असायची. पुढे इंदू आणि भावजी हुडकेश्वरला वेगळे राहायला गेले. तेव्हा तिकडे नुसती शेतं होती. निघताना ती रीतीप्रमाणे माझ्या पाया पडली आणि मी तिला आशीर्वाद दिला.

सासूबाईंचं अखेरचं दुखणं आलं तेव्हा इंदू धावत आली. उशाशी बसून चमच्याने त्यांच्या तोंडात पाणी घालायला लागली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. "हिच्या हातचं नोको मले. थोरलीले बोलवा."

इंदूने वाटी-चमचा माझ्या हातात दिला आणि बाजूला झाली. सासूबाई पुऱ्या शुद्धीत होत्या. खोलीत घरचे सगळे होते. सांगता आलं असतं.

मी पाणी पाजलं. सासूबाईंनी ते घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.