गाडीतून न उतरता

इथल्या मराठी मंडळाने यंदा माझा सत्कार ठरवला आहे. उपग्रहांच्या चित्रांवर वीस वर्षं काम केलं म्हणून. मी नाही म्हणालो. कारण विचारलं, तेव्हा लिहून देतो म्हणालो. ते हे. अंकात छापा, कापाकापी नको.

ऐंशीच्या दशकात मी इथे अमेरिकेत, सांता क्लारातल्या एका छोट्या कंपनीत होतो. उपग्रहाची चित्रं टेपच्या रिळांवर यायची. त्यांवरून कुठल्या शेतात काय उभं आहे, याचा नकाशा करायचा. त्या चित्रात हिरवं पीक लाल दिसतं आणि उघडी माती करडी. पण वरून दिसलं ते खरं धरायचं नाही, असा नियम. नेमून दिलेल्या शेतांवर जायचं, गाडीतून उतरायचं, बांधावर उभं राहून लिहायचं: इथे टोमॅटो, इथे कापूस, इथे पडीक. खाली सही. या कागदांवरून नकाशा तपासला जायचा.

त्या वर्षी माझ्याकडे चाळीस शेतं होती. तिसऱ्याच शेतावर एक पिकअप ट्रक माझ्या गाडीसमोर आडवा उभा राहिला. आतल्या माणसाने शांतपणे विचारलं, इथे काय काम? मी ओळखपत्र दाखवलं, तो गेला. एवढंच. पण नंतर मी गाडीतून उतरलोच नाही. दोन दिवस मोटेलमध्ये बसून उरलेले कागद उपग्रहाच्या चित्राकडे बघून भरले. नकाशा ज्या चित्रावरून होणार, त्याचा पुरावाही त्याच चित्रातून.

नकाशाचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी नवीन होती. नागपूरची, बौद्ध घरातली, इथे शिकून नोकरीला लागलेली. रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. माझे कागद नकाशाशी ताडून पाहून ती माझ्या टेबलाशी आली.

"दादा, इतकं कसं जुळतंय? एकही चूक नाही."

"तुझा प्रोग्रॅम चांगला आहे म्हणून."

"इतका चांगला नाहीये हो. मीच लिहिलाय, मला माहीत आहे." ती हसत होती. "पडीकवाली शेतं तरी एकदा बघून येऊ या. वहिनींना डबा द्यायला सांगा."

"वीकेंडला बघू," म्हणालो. गेलो नाही.

पाणी वाटणाऱ्या तिथल्या कचेरीने नकाशा वापरला आणि तक्रारी आल्या. मी पडीक लिहिलेल्या शेतांत बदामाची नवी रोपं होती. हातभर रोपं, मधे उघडी माती. वरून नुसती मातीच दिसते. बांधावरून कुणालाही रोपं दिसली असती. पाणी मात्र पडीक म्हणून त्या शेतांना मंजूर झालं नव्हतं.

मीटिंगमध्ये साहेबाने माझे कागद उचलून दाखवले. फील्डचं काम क्लीन आहे, म्हणजे चूक प्रोग्रॅमची. ती माझ्याकडे बघत होती. मी कॉफीच्या कपाकडे. तिची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसाही. महिन्याभरात ती नागपूरला परत गेली.

त्याच आठवड्यात मंडळातल्या एका घरी जेवताना एक काका म्हणाले, "कोट्यातून आलेल्यांचं असंच असतं. तिथे खपतं, इथे उघडं पडतं." मी श्रीखंड वाढून घेतलं.

भीतीने खोटं लिहिलं, हे एक. माझ्या खोट्यापायी दुसरीचं बुडताना बघत बसलो, हे वेगळं. त्याला पिकअपवाला जबाबदार नाही.

पुढे ती पुन्हा इथे आली, स्वतःच्या हिमतीवर. आता कॅरी नावाच्या गावात असते, औषधांच्या कंपनीत. गेल्या महिन्यात तिला फोन करून सगळं सांगितलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या कागदांवर एकही खाडाखोड नव्हती. उन्हात उभं राहून कोणी असं लिहितं का?"

"मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?"

"तुमच्यासमोर माझं कोणी ऐकलं असतं? आणि आता मला कशाला सांगता? मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा."

ती मला दादा म्हणाली नाही.

म्हणून सांगतो. कमिटीतले एक जण म्हणाले, इतकं जुनं कशाला उकरता, लोक काय म्हणतील. म्हणू देत. ते काका मंडळाच्या कार्यक्रमांत अजून पहिल्या रांगेत बसतात, त्यांनीही वाचावं. प्रोग्रॅम बरोबर होता. चूक कोट्यातल्या कुणाची नव्हती, त्यांच्या पंगतीत बसलेल्या माझी होती. शाल मला नको. ती तिला द्यायची असेल तर तिच्या कॅरीच्या घरी फोन करून विचारा. ती घेईल, असं मला वाटत नाही.