काशिनाथदादांचा डाएट चार्ट

रंजनाताई काट्यावर उभ्या राहिल्या आणि आकडा बघून माझा पारा चढला. एकोणऐंशी किलो चारशे ग्रॅम. महिन्यापूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर होत्या.

“ताई, खरं सांगा. काय खाता?”

“तुम्ही लिवलंय तेच, मॅडम. देवाशप्पत.”

मी आहारतज्ज्ञ. राहते डोंबिवलीला, कोपरच्या बाजूला, आणि ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात किडनीच्या पेशंटचं खाणंपिणं बघते. देवाशप्पत म्हणणाऱ्यांच्या पर्समधून मी फरसाणाच्या पुड्या काढलेल्या आहेत. त्यामुळे शपथेचा माझ्यावर फारसा परिणाम होत नाही.

पण इथे पेशंट रंजनाताई नव्हत्याच. पेशंट होती त्यांची मुलगी श्वेता, सव्वीस वर्षांची. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे मशीनवर चार तास पडून रक्त धुऊन घ्यायचं. आईची किडनी तिला जुळत होती. अडलं होतं ते आईच्या वजनावर. उंचीच्या मानाने वजन जास्त असलं की देणाऱ्याच्या जिवालाही ऑपरेशनमध्ये धोका असतो. सर्जनने सांगितलेलं, सत्तरच्या खाली आणा, मग बघू.

म्हणून रोज सकाळी कोलशेतला खाडीच्या रस्त्यावर रंजनाताई पळायच्या. दोन मिनिटं पळायचं, तीन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. पायात श्वेताचे बूट, कारण ते आता श्वेताच्या उपयोगाचे नव्हते. पहिल्या आठवड्यात गावातल्या बायका हसल्या, दुसऱ्या आठवड्यात दोघी त्यांच्याबरोबर पळायला लागल्या. मोबाइलमधला पळण्याचा हिशोब मी रोज तपासत होते. एक दिवस खाडा नव्हता.

खाण्यासाठी माझा एक नियम आहे. जेवायच्या आधी ताटाचा फोटो, जेवल्यावर रिकाम्या ताटाचा फोटो. दोन्ही मला पाठवायचे. माणूस खोटं बोलतो, पण फोटो काढायचा म्हटलं की वाढतानाच हात आखडतो. ताईंचे फोटो नमुन्यादाखल भिंतीवर लावावेत असे होते. अर्धी भाकरी, पालेभाजी, काकडी, माशाचा एक तुकडा. थायरॉइड नॉर्मल, अंगावर सूज नाही, काटाही मी बदलून बघितला. वजन वाढतच होतं.

आमच्या विभागाच्या सरांना कोडी आवडत नाहीत.

“ती चोरून खातेय. सोमवारी कमिटी आहे. रिपोर्टमध्ये नॉन-कम्प्लायंट लिही.”

नॉन-कम्प्लायंट म्हणजे सांगितलेलं न पाळणारा. ते लिहिलं की डोनर म्हणून नाव गेलं.

“सर, दुसरा डोनर नाहीये. वडील सात महिन्यांपूर्वी वारले. भाऊबहीण कुणी नाही.”

“मग वेटिंग लिस्ट.”

वेटिंग लिस्ट म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. श्वेताकडे तेवढा वेळ नव्हता.

रिपोर्ट लिहायचा म्हणून मी महिन्याभराचे सगळे फोटो एकाखाली एक लावून बघत बसले. आत्तापर्यंत मी फक्त ताटात बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ताटाबाहेर बघितलं. प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात आणखी एका ताटाची कड येत होती. त्यात भाताचा डोंगर आणि लालभडक कालवण. जेवल्यानंतरच्या फोटोत तेही ताट चाटूनपुसून साफ.

श्वेताचं असेल म्हणावं तर तिला मीठ बंद, मासा मोजून. शिवाय त्यातले निम्मे दिवस ती दुपारी माझ्याच हॉस्पिटलात मशीनवर होती. मी फोटो मोठा केला आणि समोर बसणाऱ्याच्या बाजूने फिरवला. त्या ताटात चटणी-लिंबू उजवीकडे आणि भाजी-कालवण डावीकडे होतं. आपल्याकडे बरोब्बर उलटं वाढतात. डावखुऱ्या माणसासाठी वाढलेलं ताट होतं ते.

मी फोन लावला.

“ताई, तुमच्यासमोर कोण जेवायला बसतं?”

“आमचे हे.”

“कोण हे?”

“श्वेताचे बाबा.” आवाजात जराही अडखळणं नव्हतं. “वरीसभर पान वाढायची रीत हाय आमच्या घरात. सासूनं सासऱ्यांना वाढलं, मी यांना वाढते.”

“आणि मग ते पान जातं कुठे?”

“कावळ्याला ठेवलेलं ना आधी. शिवतच नाय. मग घरातच ठेवते. ते जेवतात.”

रिपोर्ट मी तसाच कोरा ठेवला.

शुक्रवारी एक वाजता मी न सांगता कोलशेतला त्यांच्या घरी गेले. ताईंना आनंद झाला. बसा म्हणाल्या, सरबत दिलं. मग माझ्यासमोर त्यांनी दोन ताटं वाढली, एक स्वतःचं, एक समोरच्या रिकाम्या पाटापुढे. समोरच्यात निवट्यांचं कालवण, खाडीतल्या त्या वळवळ्या माशांचं. काशिनाथदादांचं, म्हणजे श्वेताच्या बाबांचं आवडतं. फोटो काढला, मला पाठवला, माझा मोबाइल माझ्याच पर्समध्ये वाजला. त्या नीट चावून, माझ्या चार्टप्रमाणे जेवल्या. हात धुतला.

आणि उठून समोरच्या पाटावर जाऊन बसल्या.

बसण्याची पद्धतच वेगळी होती. एक गुडघा उभा, पाठ वाकलेली. उजवा हात गुडघ्यावर ठेवला, त्याची शेवटची दोन बोटं आत दुमडून. मग डाव्या हाताने भात कालवायला सुरुवात केली. भराभरा, मोठे घास, सराईतपणे.

मी उठणार तेवढ्यात मागून श्वेताने माझा खांदा दाबला.

“मध्ये बोलू नका. उठवलं तर खूप रडते. नंतर तिला काहीच आठवत नाही.”

“कधीपासून?”

“बाबा गेल्यापासूनच. त्यांची दोन बोटं कंपनीत मशिनमध्ये गेलेली. तेव्हापासून डाव्या हातानेच जेवायचे.”

“तू सांगितलं का नाहीस मला?”

“सांगितलं असतं तर आईला वेडी ठरवून डोनरमधून काढलं असतं.” तिची नजर पाटावरच होती. “आणि खरं सांगू मॅडम? बाबा समोर जेवताना दिसतात. मला ते बंद करवत नाही.”

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

तेवढ्यात पाटावरून आवाज आला. आवाज ताईंचाच, पण खालच्या पट्टीतला, जाड.

“पोरीचं ऑपरेशन कदी हाय?”

नजर थेट माझ्यावर. श्वेताने माझा खांदा घट्ट धरला. ती पुटपुटली, “अशी जेवताना ती कधीच बोलत नाही.”

त्या क्षणी काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात नाही. पळून जावंसं वाटत होतं, हे कबूल करते. पण समोर कुणीतरी जेवत होतं आणि जास्त जेवत होतं. अशा माणसाशी काय बोलायचं एवढं एकच मला येतं.

“वजन सत्तरच्या खाली आलं की,” मी म्हटलं. “दादा, तुम्हाला भात कमी करावा लागेल. तुम्ही जेवता ते हिच्या अंगी लागतं.”

डावा हात घासासकट थांबला. बराच वेळ तसाच थांबला. मग घास ताटात परत गेला, आणि त्या हाताने उरलेला भात हळूहळू ताटाच्या कडेला सारला.

“पोरीसाठी ना?”

“हो.”

“मंग सांगा काय खायाचं.”

घरी जाऊन मी चार्ट केला. कॉम्प्युटर मोबाइल नंबर आणि वजन टाकल्याशिवाय नवीन पेशंट घेत नाही, म्हणून कागदावर लिहिला. नाव काशिनाथ, वजनाची जागा कोरी. ताईंच्या दिवसाच्या तेराशे कॅलरी दोन ताटांत वाटल्या. त्यांना नाचणीची पाव भाकरी, दादांनाही पावच भाकरी. मासा अर्धा-अर्धा. निवट्या फक्त रविवारी, तेल एक चमचा.

सरांपासून मी काही लपवलं नाही. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मानसोपचारतज्ज्ञ काय म्हणतात ते बघू. डोनरला तिथे जावंच लागतं. तीन महिने वाढवून मागतो.” मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, “त्याच्या चार्टमध्ये प्रोटीन कमी पडतंय.”

मानसोपचारतज्ज्ञ ताईंना पाच वेळा भेटले. म्हणाले, दुःख मोठं आहे, पण आपण काय देतोय आणि कुणाला, हे या बाईला पक्कं माहीत आहे. मला मात्र एक गोष्ट अजून सुटलेली नाही. एकदा कॅन्टीनमध्ये मी ताईंना सहज डाव्या हाताने उपमा खायला सांगितलं. त्यांना चमचाही धड धरता येईना. निम्मा उपमा साडीवर पडला आणि स्वतःच हसत बसल्या.

तीन महिन्यांत वजन एकोणसत्तर दोनशेवर आलं. फोटो आता दोन्ही ताटांचे यायचे. कारल्याच्या दिवशी दादांच्या ताटात कारलं शिल्लक असायचं. मी बजावलं, की दुसऱ्या दिवशी तेही संपायचं.

ऑपरेशन झालं. श्वेताची नवी किडनी टेबलावरच काम करायला लागली. महिन्याने रंजनाताई पुन्हा खाडीच्या रस्त्यावर चालायला लागल्या. वर्ष अजून पुरं व्हायचं होतं, म्हणून पान चालूच होतं. त्या चालायला लागल्या त्याच दुपारी नेहमीसारखे दोन फोटो आले. आधीच्यात दोन्ही ताटं भरलेली. नंतरच्यात ताईंचं रिकामं आणि समोरचं जसंच्या तसं, भाकरीचा तुकडासुद्धा मोडलेला नाही. खाली ताईंनी लिहिलं होतं, “आज नाय जेवले. बाहेर ठेवलं, कावळ्यानं लगेच नेलं.”

मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून रडले. मग तोंड धुऊन पुढचा पेशंट घेतला.

आता माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, घरात ताटं किती वाढता? माणसं किती, ते मी नंतर विचारते. बहुतेक जण हसतात. क्वचित एखादी बाई हसत नाही, नुसती माझ्याकडे बघत राहते. तेव्हा मी काही विचारत नाही, खणातून आणखी एक कोरा चार्ट काढते.